ट्रॉलीचं उदाहरण

आमच्या घरात 'कार्य' हा शब्द पुढे कित्येक वर्षं कुणी उच्चारला नाही. ताईचं लग्न यथावकाश ठरलं, झालं, पण आई लोकांना सांगताना 'लेकीचं लग्न आहे' एवढंच म्हणायची. 'घरात कार्य आहे' असं तिच्या तोंडून चुकूनही आलं नाही. मंगल कार्यालयाला ती 'हॉल' म्हणायला लागली. एरवी इंग्रजी शब्दांचा तिला तिटकारा, त्यामुळे शेजारणींना वाटायचं, बाई सुधारल्या. खरं कारण आम्हा चौघांनाच माहीत होतं. त्यातल्या आता ताई आणि मी दोघीच उरलोय, आणि ताई हल्ली बरंच विसरते. म्हणून म्हटलं, लिहून टाकावं.

मी तेव्हा नववीत होते. आम्ही कल्याणजवळ मोहन्याला राहायचो, कारखान्याच्या मागच्या बाजूला एका चाळीत, दोन खोल्या आणि पुढे सगळ्यांचा मिळून एक लांब व्हरांडा. कारखाना रेयॉनच्या सुताचा. त्याचा भोंगा हेच आमचं घड्याळ. सकाळच्या पहिल्या भोंग्याला आई स्टोव्ह पेटवायची, दुसऱ्याला बाबा चपला घालायचे आणि संध्याकाळचा भोंगा झाला की चाळीतल्या सगळ्या बायका एकदम चहाचं आधण ठेवायच्या. बाबा घरी आले की आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे. तरी त्यांच्या सदऱ्याला एक आंबूस वास असायचाच. मला तो आवडायचा. तो आवडण्यासारखा नव्हता हे मोठेपणी कुणीतरी सांगितल्यावर कळलं. रात्री भाकरी आणि कुळथाचं पिठलं, गावाहून कुणी आलेलं असेल तर सुक्या जवळ्याची चटणी. ती चटणी पानात असली की बाबा बोलायचे नाहीत, नुसते जेवायचे. तसे एरवीही ते फार बोलणाऱ्यांतले नव्हतेच. कारखान्यात ते सुताने भरलेल्या ट्रॉल्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये ढकलत न्यायचे. दिवसभर तेच काम. आम्हाला ते ठाऊक होतं, पण काम करताना आम्ही त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि बघावं असं कधी मनातही आलं नव्हतं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. कल्याणच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली, आणि आमच्या चाळीत तेवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी ती व्हरांड्यात चाळीतल्या मुलांना विज्ञान शिकवायची आणि त्या घोळक्यात मला बसावंच लागायचं. तिची शिकवण्याची एक तऱ्हा होती. व्याख्या पाठ पाहिजे, पण उदाहरण पुस्तकातलं दिलं की ती भडकायची. "पुस्तकातला बैल गाडी ओढतो. तू मोहन्यात बैल बघितलायस का गं? घरातलं दे." त्या वर्षी आम्हाला बल आणि गती होतं, त्यानंतर कार्य आणि ऊर्जा. कार्याच्या धड्याला तिने मला आमच्या लोखंडी कपाटापुढे उभं केलं आणि म्हणाली, ढकल. मी खांदा लावला, दात-ओठ खाल्ले, तोंड लाल झालं. कपाट ढिम्म.

"दमलीस?"

"हो."

"कपाट हललं?"

"नाही."

"मग कार्य शून्य. बल लावलं, पण विस्थापन नाही. वस्तू जागची हलली पाहिजे, तरच कार्य झालं."

आत आई पीठ मळत होती. ती म्हणाली, "मग मी दिवसभर राबते ते काय गं तुमच्या पुस्तकात?"

"तू कळशी उचलतेस ते कार्य. उचलून नुसती उभी राहिलीस तर शून्य."

"उभी राहायला सवड कुणाला आहे," आई म्हणाली, आणि आम्ही सगळी पोरं हसलो.

त्याच रात्री जेवताना ताईने बाबांना विचारलं, ट्रॉली ढकलताना जोर कधी जास्त लागतो? बाबांना आधी वाटलं ही थट्टा करतेय. मग भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते म्हणाले, "सुरुवातीला. भरलेली ट्रॉली जागची हलवायची म्हणजे छाती लावायला लागते. एकदा चालली की काय, हात ठेवला तरी जाते. मग थांबवताना परत बोंब. ती ऐकत नाही." ताईने माझ्याकडे बघून मान हलवली. "ऐकलंस? जडत्व. थांबलेलं थांबूनच राहतं, चाललेलं चालतच राहतं." बाबा हसले. आपलं काम कुठल्या पुस्तकात असेल असं त्यांना कधी वाटलं नसणार. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात कार्याचं उदाहरण म्हणून मी ट्रॉली सांगितली, ताईने शाबासकी दिली, आणि त्या दिवसापासून ते माझं ठरलेलं उदाहरण झालं.

त्याच हिवाळ्यात ताईला ठाण्याच्या नौपाड्याचं स्थळ आलं. आणलं बाबांच्या चुलतभावाने. हे काका ठाण्याला राहायचे आणि ठाण्याला राहतात एवढ्याच भांडवलावर आम्हाला शिकवायचे. मुलगा बँकेत, वडील शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक, स्टेशनजवळ स्वतःची जागा. मुलाचं नाव मला अजून आठवतं, पण त्या बिचाऱ्याचा या सगळ्यात काही संबंध नाही, म्हणून लिहीत नाही. मुलगी बीएस्सी आहे हे ऐकूनच त्याच्या वडिलांनी बघायला यायचं कबूल केलं होतं म्हणे. ताई वरून काही दाखवत नव्हती. पण ठाण्यात बीएड करता येईल, त्या घरात शिकवण्याला किंमत असेल, हे ती मला अंथरुणात पडल्या पडल्या सांगायची. तिला ते स्थळ हवं होतं. तिला काही हवंय असं मी पहिल्यांदाच बघत होते.

मंडळी बघायला यायच्या आधीच्या रविवारी काका येऊन बसले. चहा बशीत ओतत म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेवा सगळ्यांनी. मी त्यांना सांगून आलेलो आहे, मुलीचे वडील कारखान्यात सुपरवायझर."

बाबा म्हणाले, "सुपरवायझर?"

"अरे, ट्रॉलीवर लक्ष तूच ठेवतोस ना? मग? लक्ष ठेवणं म्हणजेच सुपरवायझर. मी काय खोटं बोललो?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने ताईकडे. ताई उठून आत गेली. नको, असं कुणीच म्हणालं नाही, आणि काकांनी ते ठरलं असं धरलं. जाताना मला बजावलं, "आणि तू, छोटे, तोंड बंद. विचारलं तरच बोलायचं."

पोहे करायचे नाहीत हे आईने आधीच ठरवलं होतं. "चार घरचे पोहे खाऊन बसले असतील ते," म्हणाली, आणि मटारच्या करंज्या करायचा घाट घातला. आदल्या दिवशी व्हरांड्यात बसून आम्ही मटार सोलले. आई मला एकेक नियम सांगत होती, तोंडातून वाईट शब्द जाता कामा नये. एरवीही ती याबाबतीत कडक. तांदूळ संपले म्हणायचं नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. "उद्या नाही, नको, संपलं, शून्य, असलं काही तोंडातून काढलंस तर बघ." हे सगळं मी मन लावून ऐकलं. पुढे जे झालं ते मी ऐकलं नाही म्हणून झालं नाही, ऐकलं म्हणून झालं, हे मला सांगायचं आहे.

सकाळी आईने बाबांना खुर्चीवर बसवून त्यांच्या तळहातांना खोबरेल चोळलं. बाबांचे तळवे म्हणजे घट्ट्यांचे थर, कडांना चिरा पडलेल्या. आई चोळतेय, बाबा मान खाली घालून बसलेत. मी दारातून बघत होते. तेवढ्यात बाबांनी मला पाहिलं आणि हात ओढून घेतले. म्हणाले, "थंडीने फुटतात गं."

मंडळी कल्याण स्टेशनवरून रिक्षा करून आली. मुलाचे वडील, म्हणजे सर, त्यांच्या पत्नी, मुलगा आणि सोबत काका. सर उंच, पांढऱ्या केसांचे, आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल असा. वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे आमच्या घरात त्यांना फार नावं ठेवली गेली. बाबा नवा सदरा घालून बसले होते आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. सुपरवायझर वगैरे विषय निघाला, काकांनी तो पटकन उरकला, सरांनी 'अच्छा, अच्छा' केलं. ताई करंज्यांचं तबक घेऊन आली. सरांनी तिला तिच्या प्रॅक्टिकलचं काहीतरी विचारलं, तिने शांतपणे उत्तर दिलं आणि सरांचा चेहरा असा फुलला की काकांनी आईकडे बघून डोळे मिचकावले. सरांच्या पत्नी करंजी मोडत म्हणाल्या, "छान खुसखुशीत झालीय हो. मग, कार्य कुठे करायचा विचार आहे? ठाण्याला की इकडेच?"

कार्य कुठे करायचं असं विचारलं म्हणजे होकारच आला. आईचा हात नकळत गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. सर खुशीत होते. त्यांनी माझ्याकडे वळून गमतीने विचारलं, "काय गं, नववीत ना तू? कार्य म्हणजे काय, ठाऊक आहे का?"

सगळे हसले. मला वाटलं, आपल्याला खरंच विचारतायत. विचारलं तर बोलायचं होतंच. मी उठले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "वस्तूला लावलेलं बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन यांच्या गुणाकाराला कार्य म्हणतात."

"अरे वा!" सर मांडीवर थाप मारून हसले. मुलगाही हसला, ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी हवेत गेले. तिथेच मी बसले असते तर ठाण्याची मंडळी पुन्हा पुन्हा आमच्या दारात आली असती. पण सर शिक्षक. ते म्हणाले, "आता एक उदाहरण दे. पण पुस्तकातलं नको हं." अगदी ताईचेच शब्द.

माझ्या ओठांवर कपाट आलं होतं. समोरच तर होतं ते. पण कपाटाचं कार्य शून्य. ताईच्या बघण्याच्या दिवशी, भरल्या तबकापुढे, 'कार्य शून्य' म्हणायचं? आईचे डोळे मला दिसत होते. मी कपाट गिळलं. त्या क्षणी मला स्वतःच्या शहाणपणाचा अभिमान वाटला. आणि ज्यात कार्य होतं, वस्तू पुढे जाते, असं शुभ उदाहरण मी खणखणीत आवाजात दिलं. "माझे बाबा कारखान्यात सुताची ट्रॉली ढकलतात. ट्रॉली पुढे जाते. म्हणून ते कार्य."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी बादली ठेवली, ती ऐकू आली. काका हसल्यासारखा आवाज करत म्हणाले, "म्हणजे, देखरेख हो, देखरेख..." सरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांचे हात अजून मांडीखालीच होते. मला वाटलं, ते हसतील, त्या रात्री ताईने विचारल्यावर हसले होते तसं. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "लहान आहे ती. तिला काय कळतंय. ट्रॉली ढकलणारी माणसं माझ्या हाताखाली आहेत."

मी बाबांना खोटं बोलताना तोवर ऐकलं नव्हतं. त्यांना ते जमतही नव्हतं. 'हाताखाली' म्हणताना आवाज फाटला. मी काय बोलून बसले ते कळायला मला तेवढाच वेळ लागला. जमीन दुभंगावी वगैरे लोक म्हणतात, मला तसं नाही वाटलं. मला एवढंच वाटलं की कुणीतरी मला बस म्हणावं. कुणी म्हटलं नाही, म्हणून मी तशीच हात मागे बांधून उभी राहिले.

ताई तबक धरून उभी होती. तिने ते खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, "तिचं उदाहरण बरोबर आहे. मीच शिकवलंय तिला."

बाबांनी डोळे मिटून घेतले. सरांच्या पत्नींनी अर्धी करंजी बशीत ठेवली आणि बशी हाताने हलकेच बाजूला सारली. निघताना सर म्हणाले, "काम कुठलंही कमी नसतं. पण खरं सांगायला हवं होतं तुम्ही." त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. पण मांडीखाली हात घेऊन बसलेल्या माणसाला हे त्याच्याच घरात, त्याच्या मुलींसमोर ऐकवायची गरज होती का, हेही मला आजवर पटलेलं नाही. रिक्षा गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "येतो म्हणाले नाहीत. निघतो म्हणाले."

चार दिवसांनी काका निरोप घेऊन आले. एक नाड आलीय म्हणे. जन्मभर पोरांना न्यूटन शिकवलेल्या माणसाला ऐन वेळी पत्रिकेतली नाड आठवली. काका मला खूप बोलले. घरातलं मात्र कुणी रागावलं नाही, आणि ते फार वाईट होतं. उरलेल्या करंज्या आई रोज तव्यावर गरम करून वाढायची आणि आम्ही त्या मुकाट्याने खायचो. बाबा माझ्याशी बोलायचे, पाणी दे, दार लाव, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. ताईने संध्याकाळचा वर्ग बंद केला नाही. पुढच्या वेळी कार्याचं उदाहरण माझ्यावर आलं तेव्हा मी गप्प बसले. ताईने पुस्तक उघडून माझ्यापुढे सरकवलं. "हे वाच," म्हणाली. "बैल गाडी ओढतो."

हल्ली मी लेकाकडे ठाण्यात माजिवड्याला असते, बाविसाव्या मजल्यावर. परवा नात परीक्षेची तयारी करत होती. वर्क इज इक्वल टू फोर्स इन्टू डिस्प्लेसमेंट. तिच्या भाषेत वर्क म्हणजे वर्क, त्याचा लग्नाशी काही संबंध नाही. सुटली पोर. म्हणाली, "आजी, एक्झाम्पल ऐक ना. आपण मॉलमध्ये ट्रॉली ढकलतो ना, ते." मी म्हटलं, बरोबर आहे, आणि गॅसवर काही नसताना स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

कारण एक अजून सांगायचं राहिलंय. नकार आल्यानंतरच्या एका सकाळी बाबा डबा विसरून गेले. आईने तो माझ्या हातात दिला आणि मागच्या फाटकाशी पहारेकऱ्याकडे देऊन ये म्हणाली. फाटक जाळीचं होतं. पहारेकरी कुठेतरी गेलेला, म्हणून मी जाळीला नाक लावून उभी राहिले. आत दोन शेडच्या मध्ये सिमेंटचं मोकळं अंगण, आणि त्यातून एक ट्रॉली आडवी चालली होती. माणसाच्या उंचीची, सुताने गच्च भरलेली. तिच्यामागे बाबा होते. मी ओळखलं ते चपलांवरून, कारण चेहरा दिसतच नव्हता. मान खाली, हात ताठ, पाय मागे तिरके, सगळं अंग त्या ट्रॉलीत घातलेलं. चाकं कुरकुरत होती. ताईने समजावलं होतं ते सगळं समोर होतं, आणि त्यातलं काहीच मला तोवर समजलेलं नव्हतं.

बाबांनी मान वर केली आणि मला पाहिलं.

त्यांनी हात काढले. ट्रॉलीवरून हात काढून ते चटकन बाजूला झाले, हात पाठीमागे बांधले आणि ट्रॉलीच्या शेजारून चालायला लागले. छाती थोडी पुढे, नजर चाकांकडे, एखादा साहेब बघत बघत जातो तसे. ट्रॉली आपली आपण चालत राहिली, दोन हात, चार हात. मग हळू झाली. मग थांबली. बाबाही थांबले. शेडच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "काय झालं रे? लाव की जोर!" बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते हात मागे बांधूनच उभे राहिले, ट्रॉलीकडे बघत, जणू ती बघणं एवढंच त्यांचं काम. ओरडणाऱ्याने पुन्हा हाक मारली. बाबा हलले नाहीत. मी तिथे असेपर्यंत ते हलणार नव्हते. ते माझ्यासमोर सुपरवायझर होऊन उभे होते, माझ्यासमोर, मला सगळं माहीत असताना.

मी डबा फाटकाशी खाली ठेवला आणि पाठ फिरवली. पळावंसं वाटत होतं, पण पळाले तर त्यांना कळेल म्हणून सावकाश चालले. मागे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मी रस्त्याच्या वळणापर्यंत गेले, मागे वळून बघितलं नाही, आणि मग चाकं कुरकुरली.